पुतण्याचा चष्मा

आमच्या थोरल्या वहिनींना काहीही सांगा, त्या ते तुम्हाला परत म्हणून दाखवायच्या. दूधवाला दारात येऊन म्हणाला, "उद्या येणार नाही," की या म्हणणार, "उद्या येणार नाही." डॉक्टर म्हणाले, "गोळी जेवणानंतर," की या, "जेवणानंतर." डॉक्टर चमकून बघायचे, आपण काही चुकीचं तर बोललो नाही ना म्हणून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, जाऊबाईंना ऐकू कमी येतं. मी आपली घसा खरवडून बोलत होते. शेवटी एकदा त्याच म्हणाल्या, "अगं, ऐकू मला सगळं येतं. तू का अशी बोंबलतेस?"

ही सवय दुकानातली. आमचं चष्म्यांचं दुकान. पुढच्या बाजूला थोरले भावजी डोळे तपासायचे, मी गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायची आणि मागच्या खोलीत वहिनी काचा घासायच्या. भावजींनी पुढून नंबर ओरडायचा, वहिनींनी मागून तोच परत ओरडायचा आणि मगच चाक सुरू करायचं. आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम होता, "ऐकलेला नंबर अर्धा, परत म्हटलेला पुरा." एकदा घासलेली काच काही परत वाढत नाही, तेव्हा नियम बरोबरच होता. फक्त वहिनींनी तो दुकानातून घरात, घरातून बाजारात आणि बाजारातून सगळ्या जगात नेला.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, हाताची बोटं काचेच्या पाण्याने कायम पांढुरकी झालेली. चाकावर थेंब थेंब पाणी पडत असायचं आणि त्या खालचा ओठ चावत काच फिरवत असायच्या. काचेला त्यांच्यासारखी कडा आणणारं माणूस अख्ख्या रस्त्यावर नव्हतं, हे समोरचे सवलतवालेही खासगीत कबूल करायचे. सवलतवाले म्हणजे आमच्यासमोरचं दुसरं चष्म्याचं दुकान. त्यांच्या दारावर 'सवलत फक्त आजच' ही पाटी मी आले तेव्हापासून आहे. वहिनी त्यांना पाण्यात पाहायच्या आणि ते वहिनींना. स्वभावाने बाई तापट नव्हत्या, पण चिवट होत्या. एखादी गोष्ट त्यांनी धरली की धरली. सोडवायला गेलेल्याचाच हात दुखायचा.

आमच्या शेजारी घड्याळजींचं दुकान. पूर्वी दोन्ही मिळून एकच गाळा होता, त्यामुळे मधल्या भिंतीत एक दार होतं. घड्याळजी ज्यू. शनिवारी त्यांचं दुकान बंद असे. एरवी आमचं त्यांचं भांडण आणि माया दोन्ही शेजाऱ्याशेजाऱ्यांत असतं तसंच. त्यांच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. सगळं तिथून सुरू झालं.

घड्याळजींचे वडील फार पूर्वी तिकडचा देश सोडून इकडे आले. थोरला मुलगा मात्र तिकडेच राहिला. त्या थोरल्याचा मुलगा म्हणजे हा पुतण्या. गणिताचा प्राध्यापक होता. तिथे ज्यू म्हणून जगणं अवघड झालं तसा त्याने देश सोडून जायचा अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला, नोकरी मात्र गेली. मित्र रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. घरी आसपासच्या चार मुलांना हिब्रू शिकवत होता, ते कुणीतरी कळवलं. मग झडती झाली, पुस्तकं गेली, घरचा फोन तोडला. आता तो एका इमारतीच्या तळघरात बॉयलर सांभाळत होता. कारण त्या देशात बिनकामाचं राहणं हाही गुन्हा. आधी कामावरून काढायचं आणि मग काम नाही म्हणून आत टाकायचं.

"हा कुठला न्याय?" मी विचारलं होतं.

"तिथला," घड्याळजी म्हणाले आणि पुन्हा डोळ्याला भिंग लावून बसले.

तर घड्याळजी आठवड्यातून एकदा दुपारी आमच्या दुकानातून तिकडे फोन लावायचे. पुतण्या आणि त्याची बायको तिथल्या मोठ्या पोस्टात जाऊन फोनची वाट बघत बसायची. एक्स्चेंजवरची बाई लाइन जोडायची, कधी जोडली जायची, कधी नाही. घड्याळजींना तिकडची भाषा लहानपणापुरती येत होती, भावना दाटल्या की तीही पळायची. म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई यायला लागल्या, त्यांना ती भाषा चांगली येत होती. त्यांच्याकडून कळलं की असे फोन करणारी मंडळं ठिकठिकाणी आहेत, प्रत्येकाने एकेक कुटुंब वाटून घेतलंय. फोनवर बोलायचं काही विशेष नसे. तब्येत कशी, थंडी किती. पण फोन चोरून ऐकणाऱ्यांना कळलं पाहिजे की या माणसाची चौकशी करणारं जगात कुणीतरी आहे. मग त्याला नाहीसं करायला जरा अवघड जातं.

वहिनी आधी नुसत्या मागच्या खोलीतून ऐकायच्या. मग एक दिवस चाक बंद करून पुढे येऊन बसल्या. मग घड्याळजी आजारी होते तेव्हा त्यांनीच फोन लावला. बघता बघता तो माणूस आमच्या सगळ्या दुकानाचाच पुतण्या झाला, त्याची बायको सूनबाई आणि मुलगी नात. भावजी म्हणायचे, "लष्करच्या भाकऱ्या भाजतेय ही." मी म्हणायची, "कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबस." वहिनी आमचं दोघांचंही बोलणं आमच्या तोंडावर परत म्हणून दाखवायच्या आणि एक्स्चेंजला फोन लावायच्या.

मग पुतण्याचा चष्मा फुटला. फुटला म्हणजे फोडला. जिन्यात दोन माणसांनी त्याला धक्का दिला आणि चष्मा पडला त्यावर पाय ठेवून ती शांतपणे निघून गेली. त्याचा नंबर भयंकर मोठा. चष्म्याशिवाय समोरचा माणूस म्हणजे नुसता डाग. बॉयलरवरचा काटा त्याला दिसेना. सूनबाई चोरून त्याच्याबरोबर तळघरात जाऊन काटा वाचून सांगायला लागली. हे वरच्याला कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि काम गेलं की तुरुंग. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याचा कागद दर वेळी हरवायचा. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे आधी आंधळं करून मग दळायला बसवलं होतं.

"चष्मा मी करते," वहिनी म्हणाल्या. मंडळातलं एक जोडपं तिकडे प्रवासाला जायचं होतं, ते घेऊन गेलं असतं. प्रश्न फक्त नंबराचा होता.

नंबर मधल्या माणसाकडून घ्यायचा नाही, हाही वहिनींचा हट्ट. म्हणून काच घासता घासता त्यांनी मास्तरीणबाईंकडून तिकडचे आकडे पाठ केले. आकडे, मायनस, उजवा, डावा आणि नमस्कार. ठरल्या दुपारी लाइन लागली. पुतण्याला त्याचा नंबर तोंडपाठ होता. तो सावकाश सांगत गेला, वहिनी लिहून घेत गेल्या. उजवा मायनस अकरा. तिरपा नंबर. अंश. डावा त्याहून मोठा. दोन डोळ्यांमधलं अंतर. सगळं झालं आणि मग वहिनींनी श्वास घेतला आणि दुकानातल्या त्यांच्या खणखणीत आवाजात, परक्या भाषेत, सगळा नंबर परत म्हणायला सुरुवात केली.

डाव्या डोळ्यापर्यंत पोचल्या असतील, तेवढ्यात लाइन तुटली.

त्या दिवशी वहिनींना एकच रुखरुख होती, की नंबर पुरा परत म्हणून झाला नाही. दुसरं काही त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या कुणाच्याच आलं नाही. त्यांनी काचा घासल्या. एवढ्या मोठ्या नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. ती जाडी दिसू नये म्हणून त्यांनी लहान गोल फ्रेम निवडली, तपकिरी रंगाची. मला विचारलं, "शोभेल का गं त्याला?" मी म्हटलं, "आपण त्याचं तोंड तरी पाहिलंय का?" तर म्हणाल्या, "आवाजावरून गोल वाटतो."

पुढच्या फोनला सूनबाई एकटीच आली होती. रिसीव्हर मास्तरीणबाईंच्या कानाला होता. त्या नेहमी वाक्यागणिक आम्हाला सांगायच्या, या वेळी सांगेनात. नुसतं "हं, हं" करत राहिल्या. शेवटी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि वहिनींकडे न बघता सांगितलं, "त्याला बॉयलरच्या खोलीतूनच नेलं. ते आकड्यांबद्दल विचारताहेत. तू परदेशी बाईला कसले आकडे दिलेस, तिने ते का घोकले, मायनस अकरा म्हणजे कोण. गुप्त भाषा आहे म्हणतात. हेरगिरी."

मी वहिनींकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्यांनी काहीच परत म्हटलं नाही.

"हेरगिरीला काय शिक्षा?" भावजींनी विचारलं.

"मुलगी म्हातारी होईल," घड्याळजी म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. दुकान चालू होतं, पण दुकानात जीव नव्हता. भावजी पुढून नंबर ओरडायचे आणि मागून उत्तर यायचं नाही. ते उठून आत जायचे, तर वहिनी चाकापुढे हात मांडीवर ठेवून बसलेल्या. फोन वाजला की आम्ही सगळे त्याच्याकडे धावायचो, आणि बहुतेक वेळा पलीकडे कुणीतरी आपला चष्मा तयार झाला का विचारत असायचं. मी त्यांना किती समजावलं. म्हटलं, "अहो, त्यांना त्याला धरायचंच होतं. तुम्ही आकडे म्हटले नसते तर आणखी काही सापडलं असतं." त्या म्हणाल्या, "पण सापडलं ते माझं." रागही यायचा. राग त्या तिकडच्या, कानाला यंत्र लावून बसलेल्या मूर्खांचा. चष्म्याचा नंबर ओळखता येत नाही आणि निघाले हेर पकडायला! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

मास्तरीणबाईंचं म्हणणं, आता ओरडायचं. त्या देशाच्या वकिलातीसमोर जायचं, वर्तमानपत्रांना सांगायचं, जगाला कळू दे. घड्याळजींचं म्हणणं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. "माझ्या वडिलांच्या भावासाठी लोकांनी आरडाओरडा केला होता. त्याला आणखी लांब पाठवलं. पुन्हा कुणी पाहिला नाही. गप्प बसलं तर एखाद वेळेस विसरतील तरी."

"आणि नाही विसरले तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"माझं रक्त आहे ते, बाई. तुमचं नाही. यांचंही नाही." हे शेवटचं वहिनींकडे बघून.

मी बोलणार होते. माझी जीभ अशा वेळी थांबत नाही. पण वहिनींनीच मला हाताने गप्प केलं. घड्याळजी म्हणत होते ते खरं होतं. ओरडलो आणि त्याला लांब पाठवलं तर? गप्प बसलो आणि मुकाट्याने शिक्षा झाली तर? कुठूनही गेलं तरी खड्डाच. आणि खड्ड्यात पडणार होता तो, आम्ही नाही. भावजींनी त्या संध्याकाळी सगळ्यांना शहाणपणाचा सल्ला दिला, की दोन्ही बाजूंनी विचार करावा. वहिनी म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी करूनच मला झोप नाही."

पुढच्या फोनला त्यांनी मास्तरीणबाईंना सांगितलं, "तिलाच विचारा. आम्ही ओरडू की गप्प बसू?"

"लाइनवर? ते ऐकताहेत."

"ऐकू दे. उघड बोललेलंही गुप्त ठरतं ते पाहिलं. मग आता लपवायचं कशाला?"

मास्तरीणबाईंनी विचारलं. मग सूनबाई एवढंच म्हणाली, "इथे सगळे गप्पच आहेत."

वहिनींनी ते परत म्हटलं. "इथे सगळे गप्पच आहेत." मग उठल्या, पदराला हात पुसले आणि भावजींना म्हणाल्या, "उद्यापासून फोनचा वार सोडला तर दुपारी मी दुकानात नाही."

घड्याळजींनी मधलं दार लावून घेतलं. त्या दाराला कडी आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वकिलात बस बदलून जावं लागे अशा रस्त्यावर होती. उंच फाटक, बंद खिडक्या, बाहेर पहाऱ्यावर आपला इकडचाच एक पोलीस. वहिनींनी एक पुठ्ठा गळ्यात अडकवला. त्यावर पुतण्याचा सगळा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला होता आणि खाली, 'ही गुप्त भाषा नाही. हा चष्म्याचा नंबर आहे. घालून पाहा.' हातात त्याच नंबराचा एक जादा घासलेला चष्मा. त्या, मास्तरीणबाई आणि मी. मी कशाला गेले म्हणाल, तर बाईंना एकटं कसं सोडायचं म्हणून. आणि कुणीतरी सोबत भांडायला हवंच होतं.

पहिल्या दिवशी लोक आम्हाला वळसा घालून गेले. पुतण्याच्या मित्रांसारखे, माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी एका बाईने विचारलं, "हे काय विकताय?" वहिनींनी तिच्या नाकावर चष्मा चढवला. ती "अगं बाई!" म्हणून खांबाला धरून उभी राहिली. "हे सगळं वाकडं आणि इवलंसं दिसतंय. कुणाला दिसतं यातून?"

"एकाला," वहिनी म्हणाल्या. "त्याला याशिवाय काही दिसत नाही. आणि याच्याच आकड्यांसाठी त्याला आत टाकलंय."

मग हेच चालू झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला चष्मा घालायला लावायचा, तो धडपडला की सांगायचं. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. पहाऱ्यावरच्या पोलिसाने आम्हाला हटकायच्या निमित्ताने तो घातला आणि फाटकावरच आदळला. त्यानंतर त्याने आम्हाला कधी हटकलं नाही. आतल्या खिडकीचा पडदा मात्र जरासा सरकायचा आणि कॅमेऱ्याची काच चमकायची. आमचे फोटो काढत होते. मी पदर डोक्यावरून पुढे ओढायची. वहिनी फोटो काढणाऱ्याकडे तोंड करून पुठ्ठा सरळ करायच्या.

रोज परत निघताना त्या फाटकाच्या छोट्या खिडकीपाशी जायच्या आणि त्या जोडप्याबरोबर पाठवायची राहून गेलेली ती तपकिरी फ्रेम पुढे करायच्या. "त्याला द्या." खिडकी बंद व्हायची. हे रोज.

आमच्या दुकानातही काही बरं चाललं नव्हतं. कुणीतरी फोन करून नुसतं श्वास घेत राहायचं. दोनचार जुनी गिऱ्हाइकं, आपल्याला काय करायचंय दुसऱ्या देशाशी, असं म्हणून सवलतवाल्यांकडे गेली. भावजी रात्री दोनदा उठून कुलूप ओढून बघायचे. पण मला नवल वाटलं ते एका दुपारचं. आम्ही फाटकापाशी उभ्या आणि समोरून खुद्द सवलतवाले आले. मागे शहरातले आणखी चष्मेवाले. प्रत्येकाने आपापल्या दुकानात त्याच नंबराच्या काचा घासून आणल्या होत्या. सवलतवाल्यांनी आपला चष्मा नाकावर चढवला, चाचपडत वहिनींच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कडा तुमच्यासारखी नाही आली."

"दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

जाड काचांची ती रांग, कुणालाच काही दिसत नाही, एकमेकांचे खांदे धरून उभे. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला आणि तो छापून आला. त्याच संध्याकाळी फाटकाच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. वहिनींच्या हातातली तपकिरी फ्रेम घेतली आणि खिडकी बंद झाली. पोच नाही, शब्द नाही. चष्मा कुणाकडे गेला, केराच्या टोपलीत गेला, काही कळायला मार्ग नाही.

आणि मग फोन लागेनासा झाला.

एक्स्चेंजवरची बाई म्हणायची, "तिकडून कुणी येत नाही." पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. फोटो छापून आला म्हणून सूनबाईलाही नेलं? की त्याला लांब पाठवलं म्हणून तीही मागे गेली? कुणी बोलून दाखवत नव्हतं. मधल्या दारापलीकडे घड्याळजी आहेत हे घड्याळांच्या ठोक्यांवरून कळायचं, पण कडी निघत नव्हती. एकदा रस्त्यात समोरासमोर आले तर मान खाली घालून गेले. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. वहिनींचं जेवण तुटलं. अशाच एका फोनच्या दुपारी काच फिरवता फिरवता म्हणाल्या, "धाकटे, मी त्याला दोनदा मारलं का गं? एकदा बोलून, एकदा ओरडून?"

मी पटकन नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही तीच भीती होती, म्हणून मी चाकाचं पाणी भरायला उठले.

ज्या दुपारी लाइन लागली, त्या दुपारी आम्ही सवयीनेच बसलो होतो. आशा अशी कुणाला नव्हती. मास्तरीणबाई एकदम ताठ झाल्या. "सूनबाई!" त्या ओरडल्या. "हो, हो, आम्ही इथेच आहोत." भावजींनी गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडलं. वहिनी मागून धावत आल्या, हातात ओली काच तशीच. आणि मधल्या दाराची कडी खटकन निघाली. घड्याळजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. आत मात्र आले नाहीत.

या वेळी मास्तरीणबाईंनी वाक्यागणिक सांगितलं.

"ती पोस्टात येत होती, तिला आत सोडत नव्हते. कालपासून सोडलं." मग, "खटला झाला." मग, "हेरगिरीचा शब्दच कुणी काढला नाही. तुरुंगात एक डोळ्यांचा डॉक्टर काचांची पेटी घेऊन आला होता. त्याने डोळे तपासले. आकडे जुळले."

"सुटला!" भावजी म्हणाले. मास्तरीणबाईंनी हात वर केला.

"पण इतके दिवस कामावर नव्हता म्हणून, बिनकामाचा राहिला म्हणून, एक वर्ष."

"ते तर यांनीच धरून ठेवलं होतं!" मी ओरडले. "कामावर जाणार कसा?"

"एक वर्ष," वहिनी म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि तो असायचं कारणही नव्हतं. मुलगी म्हातारी होणार नव्हती. पण एक वर्षाने मोठी होणार होती, आणि ते वर्ष आपल्या आवाजाने गेलं, असंच त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या. आम्ही कितीही समजावलं तरी.

पलीकडे सूनबाई अजून बोलत होती. मास्तरीणबाई ऐकत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला.

"ती म्हणते, त्याला कोर्टात आणलं तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता. गोल. तपकिरी."

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"त्याला पिंजऱ्यात बसवलं होतं, आणि या दोघी मायलेकी पार मागच्या बाकावर, दारापाशी. मोठं कोर्ट आहे म्हणते. जवळ जायला परवानगी नव्हती. न्यायाधीशाने निकाल वाचला आणि विचारलं, तुला काही म्हणायचंय का? तो उठला. सगळ्यांना वाटलं, आता भाषण करणार. तर त्याने मागे बघितलं आणि म्हणाला..." चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाई. त्यांनी डोळे पुसले. "मुलीला म्हणाला, 'अगं, तुझा दात कधी पडला?'"

खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून ऐकत होतं.

"वरचा की खालचा?" वहिनींनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी खरंच फोनमध्ये विचारलं. "वरचा," त्या म्हणाल्या. "पुढचा." आणि लाइन तुटली.

घड्याळजी उंबरा ओलांडून आत आले. इतक्या दिवसांत वहिनींशी ते पहिल्यांदा बोलत होते.

"वहिनी, मागच्या बाकावरून? एवढ्या लांबून दिसला त्याला?"

"दिसायलाच पाहिजे," वहिनी म्हणाल्या, आणि ओल्या काचेचा हात तसाच तोंडावर धरून रडायला लागल्या.